अंगणातली जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणायची आहे? आधी हे वाचा

अनेक घरांमध्ये एक गाडी अशी असते, जी चालत नाही आणि विकलीही जात नाही. परसात ताडपत्री पांघरून उभी असते. टायर जमिनीत रुतलेले, सीटच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या, बॉनेटखाली कधीतरी मांजरीने पिल्लं घातलेली. आजोबांनी शेतीच्या कामासाठी घेतलेली किंवा वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली जीप. दर दिवाळीला साफसफाई करताना तिचा विषय निघतो. एक जण म्हणतो, "भंगारात देऊन टाका." दुसरा म्हणतो, "थांबा, मी करतो काहीतरी."

तुम्ही त्या दुसऱ्या गटातले असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. जुनी फोर बाय फोर गाडी घरी दुरुस्त करणं शक्य आहे, कारण या गाड्या मुळात साध्या आहेत. त्यांच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. हातात पाने आणि मनात धीर असेल तर त्यातली बरीचशी कामं शिकता येतात. पण काही निर्णय पहिला बोल्ट उघडण्याआधीच घ्यावे लागतात. ते चुकले तर पैसाही जातो आणि गाडीही.

आपल्याकडे नेमकी कोणती गाडी आहे?

आपण सगळ्याच उघड्या गाड्यांना 'जीप' म्हणतो. पण सुटे भाग शोधायला निघाल्यावर नेमकं मॉडेल माहीत असावंच लागतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून जास्त जीप बनवल्या. विलीजच्या या लष्करी जीपचं मॉडेल 'एमबी'. समोरच्या जाळीत नऊ उभ्या फटी, बुटकं सपाट बॉनेट आणि डावीकडे स्टीअरिंग, ही तिची ओळख. आत २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवर. युद्धानंतर कंपनीने नागरिकांसाठी 'सीजे' मालिका काढली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. भारतात सर्वांत जास्त दिसणारी जुनी जीप म्हणजे 'सीजे-३बी'. तिचं बॉनेट उंच असतं, कारण नव्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये वर बसवले गेले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये बंद झाली. तिची भारतीय भावंडं मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर येत राहिली.

याशिवाय जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सानच्या परवान्याने बनलेली सहा सिलिंडरची 'जोंगा' आहे. लष्करातून निवृत्त झाल्यावर ती लिलावातून लोकांकडे आली. डोंगराळ भागांत आणि चहाच्या मळ्यांत जुन्या लँड रोव्हर आहेत. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सीही आता जुन्या गाड्यांत गणली जाऊ लागली आहे.

म्हणून पहिलं काम अगदी सोपं ठेवा. बॅटरी घेऊन गाडीखाली वाका, चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर शोधा, फोटो काढा आणि आरसी बुकशी ताडून पाहा. बऱ्याच जुन्या जीपांमध्ये कधीकाळी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं. ते कागदावर चढलं आहे का, हे याच वेळी कळेल.

जशी होती तशी, की आपल्या मनासारखी?

जुन्या गाडीचं दोन प्रकारे काही करता येतं. एक, ती कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करणं. दुसरं, तिच्यात आपल्या आवडीचे बदल करणं. इंटरनेटवर दिसणाऱ्या मोठ्या टायरच्या, उंच केलेल्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या जीपा दुसऱ्या प्रकारात येतात. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली हे गाव अशाच जीपांसाठी देशभर प्रसिद्ध आहे.

पण इथे कायदा मध्ये येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला आणि कंपनीने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. चासी लांब-आखूड करणं, गाडीचा ढाचा बदलणं यात सरळ अडकायला होतं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते आणि बदल आरसीवर नोंदवावा लागतो. परवानगीशिवाय केलेल्या बदलाचा खरा फटका अपघातानंतर बसतो, कारण विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते.

दुसरीकडे, गाडी जशीच्या तशी ठेवणाऱ्याला कायद्याने एक चांगली वाट दिली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट एकच, गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती, अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर काढता येते.

आता विचार करा. तुमची जीप १९६८ ची असेल आणि तुम्ही हौसेने तिची चासी कापली, तर व्हिंटेजचा दरवाजा कायमचा बंद झाला. उलट, तुम्हाला दर रविवारी शेतावर जायचं असेल, तर व्हिंटेज नोंदणीपेक्षा नेहमीच्या आरसीचं नूतनीकरण तुमच्या कामाचं. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या गाड्यांच्या वयाचे निर्बंध वेगळे आहेत आणि ते बदलत आले आहेत, म्हणून तिथल्या वाचकांनी आजचा नियम आधी विचारून घ्यावा. घरात बसून हा एक निर्णय पक्का करा. पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

कागद आधी, पाना नंतर

गाडी अजूनही दिवंगत आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. हे काम गाडी भंगारासारखी दिसत असतानाच उरका. चकाचक झालेल्या जीपवर अचानक सगळ्यांचं प्रेम उतू जातं, आणि मग भावाभावांत वाद होतात!

जीप बाहेरून विकत घेणार असाल तर अधिक सावध राहा. दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून तयार केलेली आणि तिसऱ्याच गाडीचे कागद असलेली जीप स्वस्तात मिळते, पण ती कायम टांगती तलवार असते. चासी नंबर खरवडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगच्या पट्टीवर असेल तर मागे फिरा. तुमच्या स्वतःच्या गाडीचा तो भाग गंजला असेल, तरी आरटीओला विचारल्याशिवाय त्याला ग्राइंडर लावू नका.

चासी पाहा, रंग नव्हे

जुन्या गाडीचं आयुष्य पत्र्यात नसतं, चासीत असतं. पत्रा बदलता येतो. चासी गेली तर गाडी गेली.

छोटी हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. पाट्यांचे हँगर जिथे चासीला जोडलेले आहेत तिथे, आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर आणि मागच्या टोकाला हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. बद्द आवाज आला किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घुसला तर गंजाने पोखरलं आहे. मग जमिनीवर ओळंबा सोडून चारही कोपऱ्यांच्या खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्णांच्या मापात मोठा फरक आला तर चासी कधीतरी वाकलेली आहे. असं काम घरी होत नाही, ते चासी सरळ करणाऱ्या वर्कशॉपचं.

लँड रोव्हरच्या मालकांनी एक लक्षात ठेवावं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८ मध्ये आलेल्या या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. वरून ती गंजलेली दिसत नाही, पण खालची चासी पोलादाचीच असते. शिवाय पोलादी बोल्ट जिथे अ‍ॅल्युमिनियमला टेकतात तिथे ओलाव्यामुळे अ‍ॅल्युमिनियम खाऊन पांढरी भुकटी होते. दिसायला चांगली गाडीही खालून वाकून पाहावीच लागते.

घरात गॅरेज मांडताना

या गाड्या साध्या आहेत, पण हलक्या नाहीत. म्हणून काही गोष्टींत तडजोड नको.

* फक्त जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅकने उचला, खाली मजबूत घोडी लावा, गाडी हलवून पाहा, मगच खाली जा. विटा रचून काम भागवू नका, त्या अचानक फुटतात.

* चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. जुन्या विलीज जीप आणि लँड रोव्हरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला धरतो. त्यामुळे मागचं एक चाक हवेत उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. हे अनेक जाणत्या मेकॅनिकच्याही लक्षात राहत नाही.

* या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करण्याआधी टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच घातक, कारण आत वाफ साठलेली असते. टाकीला घरी वेल्डिंग करायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

* जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ हवेने किंवा तोंडाने फुंकू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

हत्यारं घेताना घाई करू नका. जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपचे नट-बोल्ट इंची मापाचे असतात. ७/१६, १/२, ९/१६ इंचाचे पाने आणि सॉकेट घ्या. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, पण नटाची कड झिजवून टाकतो. आणखी एक गंमत. यातल्या बऱ्याच जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाकाच्या स्टडवर 'एल' अक्षर दिसलं तर नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून स्टड तोडतो!

उघडायला सोपं, जोडायला अवघड

उत्साहात एका रविवारी अख्खी गाडी सुटी करणं कुणालाही जमतं. सहा महिन्यांनी ते भाग ओळखणं जमत नाही. अर्धवट सोडून दिलेल्या बहुतेक गाड्या इथेच अडकतात.

म्हणून एका वेळी एकच भाग उघडा. उघडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि वर चिठ्ठी लावा. 'डावा पुढचा शॅकल' असं स्पष्ट लिहा, नुसतं 'बोल्ट' नको. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम फार आवडतं आणि ते मोठ्यांपेक्षा नीट करतात. जुना, गंजका भाग नवा मिळेपर्यंत फेकू नका. बाजारात दुकानदाराला नमुना दाखवावाच लागतो.

सुटे भाग मिळणं तुम्हाला वाटतं तितकं कठीण नाही. दिल्लीचं कश्मीरी गेट आणि मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट्टई, मुंबईतलं कुर्ला, अशा ठिकाणी जुन्या गाड्यांचं सामान अजून मिळतं. एकाच आराखड्याच्या जीपा आपल्याकडे अनेक दशकं बनत राहिल्या, त्याचा हा मोठा फायदा. पण ब्रेकची रबरं, होज आणि ऑइल सील कधीही जुन्या बाजारातून घेऊ नका. ते नवेच हवेत.

आधी थांबणारी गाडी, मग धावणारी

इंजिन सुरू करण्याची ओढ सर्वांना असते. पण क्रम उलटा ठेवा. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग टायर आणि त्यानंतर इंजिन.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच पाइपलाइनवर चालतात. एका चाकाचं रबर फुटलं की पेडल थेट तळाला जातं आणि एकही ब्रेक लागत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषलेला असतो, त्यामुळे पाइप आतून गंजलेले असतात. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, स्टीलचे पाइप आणि रबरी होज हे सगळं बदला. इथे जुनं चालवून घेण्यात बचत नाही.

स्टीअरिंगमध्ये किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडचे जॉइंट आणि पाट्यांच्या शॅकलचे बुश तपासा. हे झिजले की विशिष्ट वेगाला पुढची चाकं जोरात थरथरू लागतात आणि गाडी हातात राहत नाही. टायरची नक्षी चांगली दिसत असली तरी बाजूला भेगा असतील तर टायर बदला. रबर वापराने झिजतं तसं वयानेही मरतं.

इंजिनाशी धसमुसळेपणा नको

दहा-पंधरा वर्षं बंद असलेल्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारू नका आणि गाडी ढकलून तर मुळीच सुरू करू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि दोन-चार दिवस थांबा. मग प्लग काढलेले असतानाच पुढून हँडल घालून हळूहळू फिरवा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडू शकतो. जुने ड्रायव्हर नव्या क्लीनरला पहिला धडा हाच द्यायचे.

इंजिन मोकळं झालं की ऑइल बदला, रेडिएटर आणि टाकी धुऊन घ्या, कार्ब्युरेटर साफ करा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन पूर्ण उघडायची घाई नको. एखादा फारच कमी असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट पाहावं लागेल. सिलिंडर बोअर करणं, क्रँक घासणं ही कामं मशीन शॉपची. तुम्ही इंजिन सुटं करून तिथे न्या आणि परत आणून जोडा, तरी बरीच मजुरी वाचते.

पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक मुद्दा. सध्या पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं त्यासाठी बनलेली नव्हती, ती फुगतात किंवा विरघळतात. इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या नळ्या टाका. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

पत्रा आणि रंग सर्वांत शेवटी

पहिल्या दिवशी मनात ठरवलेला रंग शेवटच्या महिन्यात मारायचा असतो. गंजलेल्या भागावर पुट्टी भरून रंग मारला तर पहिल्या पावसाळ्यानंतर फुगे येतात. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणं हाच उपाय. जीपचा पत्रा बहुतेक सपाट असल्याने साध्या वेल्डरलाही हे जमतं.

घासणं, गंज काढणं, प्रायमर मारणं घरी करता येतं. पण हार्डनर मिसळून फवारायचे आजचे दोन भागांचे रंग घरी मारू नका. त्यांची वाफ फुप्फुसांना फार घातक असते आणि साधा मास्क ती अडवत नाही. ते काम बूथ असलेल्या पेंटरला द्या.

बदल करायचेच असतील तर

काही बदल गाडीचा चेहरा न बिघडवता तिला सुरक्षित करतात. ब्रेकची लाइन पुढची आणि मागची अशी दुहेरी करणारा मास्टर सिलिंडर हा त्यातला सर्वांत मोलाचा. एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. सीट बेल्ट, मागचे ठळक दिवे, इंडिकेटर आणि फ्यूज असलेली नवी वायरिंग हेही हवंच. जुन्या विलीजची वायरिंग ६ व्होल्टची असते. ती १२ व्होल्टची केली की आजची बॅटरी आणि बल्ब वापरता येतात. व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर कोणता बदल चालेल ते आधी विचारा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

काही बदल मात्र फोटोतच छान दिसतात. जुन्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर अवघं ८० इंच. तिला उंच केलं की वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या टायरमुळे ब्रेक अपुरे पडतात, इंजिनावर ताण येतो, स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. समोर लोखंडी गार्ड लावण्यावर तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

बदल कशासाठी करायचा, हे पाहायचं असेल तर पश्चिम बंगालमध्ये दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनला जा. तिथून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत सुमारे ३१ किलोमीटरचा चढ आहे. चहाच्या मळ्यांच्या काळातल्या, १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर या वाटेवर पर्यटकांना आणि सामानाला घेऊन धावत आल्या आहेत. आता तिथे बोलेरोही दिसतात, पण जुन्या गाड्या अजून आहेत. त्यांतल्या अनेकींमध्ये महिंद्राची डिझेल इंजिनं बसलेली आहेत, कारण मूळ इंजिनाचे भाग मिळेनात आणि चढ तर रोज चढायचा होता. तिथे गाडी थांबली की त्या घरची कमाई थांबते. ते बदल गरजेतून झाले, दिखाव्यासाठी नव्हे. आपली गरज कोणती, हा प्रश्न प्रत्येक सुटा भाग विकत घेताना स्वतःला विचारायला हरकत नाही.

पैसा, वेळ आणि घरची माणसं

कामाची यादी करा, प्रत्येकासमोर अंदाजे खर्च लिहा आणि येणाऱ्या बेरजेत किमान एक तृतीयांश रक्कम वाढवून धरा. जुन्या गाडीत एक बोल्ट उघडला की दोन नवी कामं निघतात. मुलांच्या फीचे, घराच्या हप्त्याचे किंवा आजारपणासाठी ठेवलेले पैसे या कामात आणू नका. दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढा आणि ती संपली की काम पुढच्या महिन्यावर टाका. गाडी इतकी वर्षं थांबली आहे, आणखी चार आठवडे थांबेल.

घरच्यांना आधीच सांगा की अंगण वर्षभर अस्ताव्यस्त राहणार आहे. त्यांनाही सामील करून घ्या. ज्येष्ठांना विचारा, गाडी पहिल्यांदा कोणत्या रंगाची होती, कुठून आणली, हँडल कोण मारायचं. जुने अल्बम काढा. मूळ रंग, दिव्यांची जागा, हूडचा आकार हे सगळं लग्नाच्या नाहीतर सहलीच्या एखाद्या फोटोत सापडतं. ज्यांनी ती गाडी चालवली त्यांचं वय वाढत असतं, म्हणून हे प्रश्न विचारायला उशीर करू नका.

आणि चासी पार गेली असेल, कागद जुळत नसतील, तर 'नाही' म्हणण्याचंही धाडस ठेवा. चांगले भाग दुसऱ्या एखाद्या जीपला जीवदान देतील. मात्र गाडी भंगारात देताना ती अधिकृत केंद्रातच द्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. नाहीतर तुमच्या नंबरवर दुसरीच गाडी कुठेतरी फिरत राहील.

पहिली फेरी

विमा, आरसी आणि पीयूसी हातात आल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, एकट्याने आणि कमी वेगात मारा. पाच किलोमीटरनंतर थांबा. चारही ड्रमजवळ हात न्या. एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतो आहे. चाकांचे नट पुन्हा आवळा, खाली कुठे तेल ठिबकतं का पाहा.

फोर व्हीलचा लिव्हर कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढू नका. या गाड्यांमध्ये पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधली जातात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि घसरायला जागा नसली की सगळा ताण गिअरवर येतो. चिखल, वाळू, ओला चढ, तिथेच तिचं काम.

वेगाची अपेक्षाही ठेवू नका. ही गाडी महामार्गासाठी जन्मलीच नाही. ती गावाच्या वाटेवर, तिसऱ्या गिअरमध्ये, खिडकीच्या काचेशिवाय चालवायची असते. सगळं तपासून झालं, दोन-चार आठवडे काही बिघाड नाही निघाला, की मागच्या बाकावर मुलांना बसवा. आणि पुढच्या सीटवर घरातल्या त्या माणसाला, ज्याने ही गाडी विकू दिली नाही.